हायड्रोजनच्या रेषा: रिडबर्ग स्थिरांक दर वेळी दीड टक्का कमी येतो, आणि चौथी रेषा दिसतच नाही

प्रश्न: एच_बीटा (पुणे)

बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलबद्दल विचारतोय. हायड्रोजन डिस्चार्ज ट्यूब, नेहमीचा स्पेक्ट्रोमीटर (लीस्ट काउंट १ मिनिट) आणि ग्रेटिंग (जवळजवळ समांतर बारीक रेघा असलेली काच). डबीवर 'इंचाला १५,०००' असं लिहिलंय, म्हणून दोन रेघांमधलं अंतर १६९३.३ नॅनोमीटर धरलं. पहिल्या ऑर्डरमध्ये डावीकडची आणि उजवीकडची रीडिंग घेऊन त्यांतला फरक, म्हणजे कोनाची दुप्पट, असा आला:

तांबडी: ४६° २२′, त्यावरून ६६६.६ नॅनोमीटर
निळसर हिरवी: ३३° ५५′, त्यावरून ४९३.९
जांभळट निळी: ३०° १२′, त्यावरून ४४१.१

रिडबर्ग स्थिरांक (रेषांची तरंगलांबी देणाऱ्या सूत्रातला ठरावीक गुणक) अनुक्रमे १.०८०१, १.०७९८ आणि १.०७९६ कोटी प्रति मीटर. जर्नलमध्ये 'प्रमाण किंमत' १.०९७४ कोटी आहे. बॅच बदलली, मुलं बदलली, तरी आकडा तिथेच. म्हणजे हा वाचण्यातला गोंधळ नसावा.

शंका तीन आहेत.
१. दीड टक्का जातो कुठे?
२. ४१० नॅनोमीटरची चौथी रेषा कुणालाच दिसत नाही. ट्यूब बदलायला हवी का?
३. व्हायवात एक प्रश्न हमखास निघतो: हायड्रोजनच्या रेषांचं बामरचं सूत्र १८८५ चं, बोहरचं अणूचं मॉडेल १९१३ चं. सूत्र आधीच हातात होतं, मग बोहरने नेमकं काय केलं? 'बोहरने सूत्र सिद्ध केलं' या उत्तरावर मुलांचं समाधान होत नाही, आणि खरं सांगायचं तर होऊही नये.

---

उत्तर: लंब_आपात

पहिल्या शंकेचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. तरंगलांब्या बाजूला ठेवा आणि त्यांची गुणोत्तरं काढा. ६६६.६ भागिले ४९३.९ म्हणजे १.३४९७. बामरच्या सूत्रानुसार ते २७/२०, म्हणजे १.३५ यायला हवं. दुसरं, ४९३.९ भागिले ४४१.१ म्हणजे १.११९७, हवं १.१२. दोन्ही जवळजवळ तंतोतंत. गुणोत्तरात ग्रेटिंगचं अंतर उडून जातं, त्यामुळे रेषा बरोबर ओळखल्यात, कोन बरोबर मोजलेत, आणि चूक फक्त त्या १६९३.३ मध्ये आहे.

तरी बाकीचे संशयित एकदा तपासून सोडून देऊ, कारण व्हायवात 'सोर्सेस ऑफ एरर' म्हणून मुलं हीच नावं घेतात.

व्हर्नियर (कोन वाचायची बारीक पट्टी): दुप्पट कोनात १ मिनिटाची चूक झाली तर कोनात अर्धा मिनिट, आणि तांबड्या रेषेवर साधारण ०.२३ नॅनोमीटर. टक्केवारीत ०.०३५. दीड टक्का व्हर्नियरच्या माथी मारता येत नाही.

ग्रेटिंग तिरकं बसणं: ग्रेटिंग २° तिरकं असेल आणि एकाच बाजूचं रीडिंग घेतलं तर तांबड्या रेषेत पाऊण टक्क्याच्या आसपास चूक येते, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. दोन्ही बाजू मोजून निम्मं केलं की ती ०.१ टक्क्याच्याही खाली जाते. तुम्ही दोन्ही बाजू मोजल्यात, तेव्हा हेही नाही. ५° तिरकं असेल तर मात्र निम्मं करूनही अर्धा टक्का उरतो. ओळखायची सोपी खूण: डायरेक्ट रीडिंगपासून डावा आणि उजवा कोन वेगवेगळे लिहा. तांबड्या रेषेसाठी त्यांत २० मिनिटांचा फरक असेल तर ग्रेटिंग सुमारे २° तिरकं आहे.

आता अंतर. बाजारात 'इंचाला १५,०००' आणि 'मिलिमीटरला ६००' अशी दोन्ही ग्रेटिंग मिळतात, दिसायला सारखीच. मिलिमीटरला ६०० म्हणजे अंतर १६६६.७ नॅनोमीटर, अर्थात इंचाला १५,२४०. दोन्हींत फरक १.६ टक्के. तुमच्या तुटीशी ताडून बघा. माझा कयास असा की डबी एकाची आणि आतलं ग्रेटिंग दुसऱ्याचं.

कयासावर थांबू नका. सोडियम लॅम्प लावा, पिवळ्या जोडीच्या मध्यावर (५८९.३ नॅनोमीटर) क्रॉसवायर आणा आणि दुप्पट कोन बघा. इंचाला १५,००० असेल तर ४०° ४४′ येईल, मिलिमीटरला ६०० असेल तर ४१° २५′. चाळीसेक मिनिटांचा फरक आहे, चुकायची सोयच नाही.

आणि हे कॅलिब्रेशन दर वर्षी करा, डबीवर काहीही लिहिलेलं असो. आपल्याकडची बहुतेक ग्रेटिंग रेप्लिका असतात, म्हणजे मूळ ग्रेटिंगवरून उतरवलेली पातळ फिल्म काचेवर चिकटवलेली. ती फिल्म सुकताना किंचित आकसते, त्यामुळे छापील संख्या नाममात्र असते. बोटं लागली म्हणून कुणी स्पिरिटच्या कापसाने पुसली तर विषय संपला. फुग्याने हवा मारायची, बाकी हात लावायचा नाही.

मांडणीत मुलं जिथे हमखास घसरतात ती जागाही सांगतो. टेलिस्कोप लांबच्या वस्तूवर फोकस करून घ्यायचा, मग कोलिमेटरची, म्हणजे प्रकाश समांतर करणाऱ्या नळीची, स्लिट त्यात स्वच्छ दिसेपर्यंत कोलिमेटर. यानंतर टेलिस्कोपच्या फोकसला हात नाही. डायरेक्ट रीडिंग घेऊन टेलिस्कोप बरोबर ९०° फिरवून घट्ट करायचा. ग्रेटिंग टेबलावर असं ठेवायचं की त्याचं प्रतल दोन लेव्हलिंग स्क्रू जोडणाऱ्या रेषेला लंब राहील. टेबल फिरवत ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली स्लिटची प्रतिमा टेलिस्कोपमध्ये आणायची. ती वर किंवा खाली असेल तर त्या दोन स्क्रूंनी मध्यावर घ्यायची. प्रतिमा क्रॉसवायरवर आली की आपाती कोन ४५°. आता टेबल ४५° फिरवलं की ग्रेटिंग किरणांना लंब. हे ४५° उलट्या बाजूला फिरवलं तर ग्रेटिंग किरणांच्या रेषेतच उभं राहतं आणि काही दिसत नाही. मग मुलं ट्यूब बिघडली म्हणून सांगत येतात. फिल्मची बाजू टेलिस्कोपकडे हवी. डावीकडच्या रेषा वर आणि उजवीकडच्या खाली दिसत असतील तर रेघा स्लिटला समांतर नाहीत, तो दोष तिसऱ्या स्क्रूने काढायचा.

दोन्ही व्हर्नियर वाचायला लावा. चकतीचं केंद्र आणि फिरण्याचा अक्ष जुन्या स्पेक्ट्रोमीटरांत क्वचितच एकत्र असतात.

---

उत्तर: जांभळी_कड

चौथ्या रेषेबद्दल. ट्यूब बदलण्याआधी खोली बदला.

४१०.२ नॅनोमीटर डोळ्याच्या अगदी काठावर येतं. ४३४ च्या मानाने तिथे डोळ्याची संवेदनशीलता दहापटीने कमी असते, आणि रेषा मुळातही फिकी. त्यामुळे दुपारच्या बॅचला पडदे अर्धवट ओढून ती दिसणार नाही. पूर्ण अंधार, दहा मिनिटं डोळे सरावू द्यायचे, शेजारच्या टेबलावरचा सोडियम लॅम्प झाकायचा, मोबाइल खिशात. टॉर्च लावून व्हर्नियर वाचला की डोळ्यांचा सराव मोडतो, म्हणून एकाने बघायचं आणि दुसऱ्याने वाचायचं.

आधी टेलिस्कोप योग्य जागी नेऊन ठेवा, मग शोधा. मिलिमीटरला ६०० धरलं तर ती रेषा डायरेक्ट रीडिंगपासून १४° १५′ वर असायला हवी. स्लिट थोडी रुंद करा, रेषा सापडली की अरुंद करा. स्लिटची एकच कड सरकणारी असेल तर रुंदीबरोबर रेषेचा मध्यही सरकतो, म्हणून डावी-उजवी दोन्ही रीडिंग एकाच रुंदीला घ्या. थेट रोखून न बघता नजर किंचित बाजूला ठेवली तर फिकी रेषा लवकर जाणवते.

जागा सापडत नसेल तर पाऱ्याची मदत घ्या. जुना सीएफएल दिवा स्लिटसमोर धरला की ४३५.८ आणि ४०४.७ या पाऱ्याच्या रेषा मिळतात. हायड्रोजनची तिसरी रेषा ४३५.८ च्या आतल्या अंगाला जेमतेम ४ मिनिटांवर, आणि चौथी ४०४.७ च्या बाहेरच्या अंगाला सुमारे १२ मिनिटांवर. हिरव्या रेषेवर (५४६.१) कॅलिब्रेशन करायला जाऊ नका, सीएफएलच्या लेपाची हिरवी पट्टी तिला चिकटून असते आणि क्रॉसवायर भलत्याच ठिकाणी बसते. निळी घ्या.

पण याच पाऱ्यामुळे एक फसवणूक होते. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर ४३५.८ ची रेषा स्लिटमधून आत शिरते आणि मुलं तिलाच हायड्रोजनची तिसरी रेषा समजून मोजतात. तसं झालं तर दुसरं गुणोत्तर १.१२ ऐवजी १.११५ येतं. वर लंब_आपात यांनी दिलेली गुणोत्तराची परीक्षा इथेही चोर पकडते.

हे सगळं करूनही दिसली नाही तर टेलिस्कोपची वस्तुभिंग बघा. जुन्या जोडभिंगांतला कॅनडा बाल्सम पिवळा पडला असेल तर जांभळा प्रकाश तोच खातो. पांढऱ्या कागदावर धरलं की पिवळसरपणा लगेच कळतो.

आता ट्यूब. चांगल्या ट्यूबची मधली केशनळी तांबूस-गुलाबी, लालीकडे झुकणारी दिसते. ती फिकट पांढरट दिसू लागली आणि वर्णपटात पिवळ्या-हिरव्या भागात धुरकट पट्टे आले तर हवा शिरली आहे. नारिंगी-तांबड्या भागात बारीक बारीक बऱ्याच रेषा दिसणं हा मात्र बिघाड नव्हे. त्या हायड्रोजन रेणूच्या आहेत. सुटा अणू दृश्य प्रकाशात फक्त बामरच्या रेषा देतो. ट्यूब स्लिटपासून सेंटिमीटरभर अंतरावर, केशनळी स्लिटला समांतर. अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, असं वापरलं की ट्यूब टिकते. सतत चालू ठेवली तर तापते, इलेक्ट्रोडचा धातू उडून काचेवर बसतो आणि त्याच्याबरोबर आतला हायड्रोजन शोषला जातो. पुरवठा काही हजार व्होल्टचा असतो. ट्यूब सरकवायची तर आधी स्विच बंद, मग हात.

---

एच_बीटा

सोडियम लावून बघितलं. दुप्पट कोन ४१° २४′. त्यावरून अंतर १६६७.२ नॅनोमीटर. म्हणजे ग्रेटिंग मिलिमीटरला ६०० वालंच. डबीवरची चिठ्ठी काढून टाकली.

जुन्याच कोनांवर नवं अंतर घातलं: ६५६.३, ४८६.३, ४३४.३. रिडबर्ग १.०९७०, १.०९६७, १.०९६५, सरासरी १.०९६७ कोटी. आता जर्नलमधल्या १.०९७४ शी तुलना करू की दुसऱ्या कशाशी? मुलं ०.०६ टक्के चूक लिहितायत आणि खूश आहेत.

---

उत्तर: लंब_आपात

खूश राहू द्या, पण तुलना चुकीच्या आकड्याशी चालली आहे.

१,०९,७३,७३२ प्रति मीटर हा स्थिरांक केंद्रक अनंत जड आहे असं मानून येतो. हायड्रोजनचं केंद्रक इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे, अनंत नाही. दोघंही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून हायड्रोजनसाठी किंमत १,०९,६७,७५८. फरक ०.०५४ टक्के. तुलना याच्याशी करायची.

त्यात आणखी एक मेख आहे. आपण तरंगलांबी हवेत मोजतो आणि सूत्र निर्वाताचं आहे. हवेत ती ०.०२८ टक्क्यांनी आखूड असते. तांबड्या रेषेची हवेतली ६५६.२८ ही किंमत दुरुस्तीशिवाय सूत्रात घातली तर १,०९,७०,९२० च्या आसपास येतं, म्हणजे दोन्ही 'प्रमाण' किमतींच्या बरोबर मधोमध. तुमच्या उपकरणाची मर्यादा ०.०३ ते ०.०५ टक्के आहे, तेव्हा हे सगळे फरक तुमच्या चुकीच्या पट्ट्यातच बसतात. सरासरी हायड्रोजनच्या किमतीला येऊन टेकली म्हणून केंद्रकाचं वस्तुमान दिसलं असं मात्र कुणी लिहू नये. तिन्ही किमती ओळीने उतरताना दिसतायत का? १.०९७०, १.०९६७, १.०९६५. मिनिटा-दीड मिनिटाची चूक इतकं सहज करते, विशेषतः जांभळ्या बाजूला, कारण तिथे कोन लहान आणि तीच मिनिटं टक्केवारीत भारी पडतात.

अचूकता वाढवायची तर दुसऱ्या ऑर्डरमध्ये जा. तांबडी रेषा तिथे ५२° च्या जवळ मिळते, आणि एका मिनिटाला ०.४५ ऐवजी सुमारे ०.१५ नॅनोमीटर एवढीच चूक पडते. रेषा फिकी होते, ती किंमत मोजावी लागते.

---

उत्तर: पेठेतला_वर्णपट

तिसऱ्या शंकेकडे येतो, कारण पाठ्यपुस्तकं इथे क्रम उलटा करून सांगतात.

योहान बामर बाझेलमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा. १८८५ मध्ये वयाच्या साठीला टेकलेला. त्याच्यापुढे होते अँगस्ट्रॉमने मोजलेले चार आकडे: ६५६.२१०, ४८६.०७४, ४३४.०१ आणि ४१०.१२ नॅनोमीटर. त्याने ३६४.५६ हा आकडा काढला आणि दाखवलं की चारही तरंगलांब्या त्याच्या ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ पट आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला चाराने गुणा, १६/१२ आणि ३६/३२ होतात. मग अंशात ९, १६, २५, ३६ आणि छेदात प्रत्येकातून ४ वजा. अणूबद्दल यात एक अक्षर नाही. तुमच्या मुलांना गुणोत्तरं आधी काढायला लावणं म्हणजे बामरच्याच वाटेने नेणं आहे, आणि ते डबीवरच्या आकड्यावर अवलंबूनही नाही.

त्यानंतर १८९० च्या सुमारास स्वीडनच्या रिडबर्गने तरंगलांबीऐवजी तिचा व्यस्त घेतला. तो मुख्यतः सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंच्या रेषांवर काम करत होता. व्यस्त घेतल्याबरोबर प्रत्येक रेषा म्हणजे दोन पदांची वजाबाकी असं रूप मिळालं, आणि बामरचं सूत्र त्यातली एक खास बाब ठरली. ही वजाबाकी पुढे फार महत्त्वाची ठरली, पण वीसेक वर्षं ती नुसती वजाबाकीच होती. कशातून काय वजा होतंय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरीकडे अणूचं चित्र वेगळ्याच रस्त्याने घडत होतं. १८९७ मध्ये टॉमसनचा इलेक्ट्रॉन, १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना अल्फा कणांपैकी काही मागे उसळताना दिसले (प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण ८,००० त एक), १९११ मध्ये रदरफोर्डचं केंद्रक. या अणूत इलेक्ट्रॉन फिरत फिरत ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळेल, ही अडचण सगळी पुस्तकं सांगतात. तिच्या तोडीची दुसरी अडचण क्वचित सांगितली जाते: रदरफोर्डच्या अणूला आकारच नाही. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि प्रभार एवढ्याच सामग्रीतून, प्रकाशाचा वेग न घेता, लांबीचं परिमाण असलेली राशी बनवता येत नाही. मग सगळे हायड्रोजन अणू एकाच मापाचे का? प्लँकचा स्थिरांक सामग्रीत घातला की लांबी तयार होते, आणि ती निघते अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या (०.०५ नॅनोमीटर) जवळ. बोहर १९१२ मध्येच इथवर पोचला होता, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात वर्णपट नव्हता.

फेब्रुवारी १९१३ मध्ये कोपनहेगनला हान्सेन या वर्णपट जाणणाऱ्या सहकाऱ्याने त्याला बामरच्या सूत्राकडे बघायला सांगितलं. जुलैत पहिला निबंध छापूनही आला. त्यातली नवी गोष्ट अशी की ती वजाबाकी ऊर्जेची ठरली, आणि रिडबर्ग स्थिरांक इलेक्ट्रॉनचा प्रभार, वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक यांतून काढता आला. बामरचा ३६४.५६ हा मोजमापाला जुळवून घेतलेला आकडा होता. बोहरने तो अशा राशींतून काढला ज्यांचा हायड्रोजनच्या रेषांशी काही संबंध नव्हता: प्रभार मिलिकनसारख्यांच्या तेलाच्या थेंबांवरून, प्लँकचा स्थिरांक उष्णतेच्या प्रारणावरून. वारंवारितेच्या रूपात त्याला ३.१ गुणिले दहाचा पंधरावा घात मिळाला. मोजलेली किंमत ३.२९०. सहा टक्के फरक! तुमच्या दीड टक्क्याहून कितीतरी वाईट. पण त्या वेळच्या स्थिरांकांतली अनिश्चितता धरता ते पुरेसं होतं.

'कोनीय संवेगाचं पुंजीकरण (तो ठरावीक पटींतच असणं) गृहीत धरलं आणि सूत्र काढलं' ही मांडणीही शिकवण्याच्या सोयीची आहे. मूळ निबंधात बोहर एकाहून जास्त वाटांनी तिथे पोचतो. त्यातली सगळ्यांत भक्कम वाट अशी: खूप मोठ्या कक्षांत बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वारंवारिता इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या वारंवारितेशी जुळलीच पाहिजे. कोनीय संवेगाचा नियम त्यातून निष्कर्ष म्हणून बाहेर येतो. ती कल्पना निकल्सनने १९१२ मध्ये आधी मांडलीही होती, वेगळ्या मॉडेलसाठी.

व्हायवात विचारण्याजोगी आणखी एक गोष्ट त्याच निबंधात आहे. निर्वात नळीत बामरच्या बाराच रेषा दिसल्या होत्या, ताऱ्यांच्या वर्णपटात ३३. का? बोहरचं उत्तर: कक्षेचा आकार क्रमांकाच्या वर्गाने वाढतो. बाराव्या कक्षेचा व्यास १६ नॅनोमीटर, म्हणजे पाऱ्याच्या ७ मिलिमीटर दाबाच्या वायूत दोन रेणूंमध्ये जितकं अंतर असतं तितका. तेहतिसाव्या कक्षेला जागा हवी तर दाब ०.०२ मिलिमीटरपर्यंत उतरायला हवा. तुमच्या ट्यूबमध्ये वरच्या रेषा का मिळत नाहीत, याचं एक कारण तुमच्या टेबलावरच आहे. बाकीचं कारण काच आणि डोळा.

---

कॅथोड

केंद्रकाच्या वस्तुमानाचा विषय वर निघाला त्याला जोडून. बोहरवर सगळ्यांत टोकदार आक्षेप तिथूनच आला होता. पिकरिंगला १८९६ मध्ये एका ताऱ्यात हायड्रोजनसारख्याच, पण अर्ध्या क्रमांकांच्या रेषा सापडल्या होत्या आणि सगळे त्यांना हायड्रोजनच्याच समजत. बोहर म्हणाला, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत, तिथे स्थिरांक चौपट होतो. इंग्लंडच्या फाउलर या वर्णपटतज्ज्ञाने हिशेब दाखवला की गुणोत्तर ४ नाही, ४.००१६ येतं. बोहरने केंद्रकाचं वस्तुमान हिशेबात घेतलं आणि ४.००१६३ दिलं. चौथ्या-पाचव्या दशांशापर्यंत. पहिल्या सहा टक्क्यांपेक्षा या आकड्याने लोकांना जास्त हलवलं, असं माझं मत.

---

एच_बीटा

हेलियमची ट्यूब आमच्याकडे पडून आहे. तिचा या प्रॅक्टिकलला उपयोग होईल का? आणि हेलियमचा विषय निघालाच आहे तर: शोध विजयदुर्गला लागला असं मुलं सांगतात. खरं काय?

---

उत्तर: पेठेतला_वर्णपट

विजयदुर्गची गोष्ट दोन ग्रहणांची सरमिसळ आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा भारतात नव्हताच; त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि सोडियमच्या जोडीशेजारची तिसरी पिवळी रेषा नोंदवली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झीला पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती.

त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याची तुकडीही गेली होती, करमाळ्याजवळ जेऊरला. प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, ते प्राध्यापक होते आणि महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनीच उभी केली. वर्णपटाच्या कामासाठी २० इंची ग्रब दुर्बीण होती तिथे. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आपल्या गावात एवढं होतं आणि गोष्टी सांगतो विजयदुर्गच्या!

---

उत्तर: जांभळी_कड

हेलियम ट्यूबचा उपयोग भरपूर आहे. ६६७.८, ५८७.६, ५०१.६ आणि ४४७.१ अशा ठळक रेषा मिळतात. सोडियमच्या एकाच रेषेवरून अंतर काढण्यापेक्षा या चारांवरून काढा. चारही रेषांवरून अंतर सारखं आलं तर मांडणी ठीक. एका टोकाकडे ओळीने वाढत किंवा घटत गेलं तर ग्रेटिंग तिरकं आहे किंवा व्हर्नियर वाचण्यात ठरावीक चूक आहे.

आणि लॉकियरची रेषा मुलांना दाखवायची असेल तर स्लिटच्या खालच्या अर्ध्या भागावर हेलियम ट्यूब आणि वरच्या अर्ध्यावर सोडियमचा प्रकाश पाडा. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६, हेलियमची ५८७.६, दुप्पट कोनात सोडियमच्या मध्यापासून ७ मिनिटांहून थोडी जास्त आत. एकाच दृश्यात तिन्ही दिसतात, स्लिट मात्र सोडियमची जोडी सुटी दिसेल इतकी अरुंद हवी. जोडीतलं अंतर पहिल्या ऑर्डरमध्ये एका बाजूला जेमतेम सव्वा मिनिट आहे, म्हणून आधी सोडियमवर स्लिट जुळवा आणि मगच हेलियमचा स्विच दाबा.